जपानी कपबशीच्या बुडावर काय लिहिलंय?

जुन्या बाजारात जपानी कपबशी हाती आली की जाणकार आधी ती उपडी करतो. बुडावरचा शिक्का पाहून वय ठरवायची ही रीत चांगली आहे. पण तो शिक्का कोणाच्या सोयीसाठी मारला गेला, हेही ठाऊक हवं. बहुतेक वेळा तो गिऱ्हाइकासाठी असतो, कधी तर थेट अमेरिकेच्या जकात खात्यासाठी.

जपानात पोर्सेलिन, म्हणजे उंची पांढरी चिनी माती, तसं उशिराच आलं. जपानचा सत्ताधीश हिदेयोशीने १५९२ ते १५९८ दरम्यान कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि त्याच्या सरदारांनी परतताना तिथले कुंभार सोबत आणले. त्यांच्यातल्या यी साम-प्योंगला क्यूशू बेटावरच्या आरिताजवळ, इझुमियामाच्या डोंगरात पोर्सेलिनसाठी लागणारा दगड सापडला, असं परंपरा सांगते, साल १६१६. माल इमारी बंदरातून बाहेर पडे, म्हणून जगभर तो ‘इमारी’ झाला. पुढे मिंग राजवट कोसळली, चीनच्या भट्ट्यांची घडी विस्कटली आणि डच ईस्ट इंडिया कंपनी आरिताकडे वळली. १६५९ ची तिची मागणी पन्नास हजारांहून अधिक नगांची होती.

या मालावर पुष्कळदा चिनी सम्राट छंगह्वाचं नाव असतं. त्याची कारकीर्द संपली १४८७ मध्ये, म्हणजे आरिताची भट्टी पेटण्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी! याला फसवणूक म्हणा किंवा चिनी मालाला दिलेली दाद म्हणा. माझ्या मते दोन्ही थोडं थोडं होतं. त्या नावापेक्षा मोठ्या बशांच्या बुडावरचे बारीक व्रण जास्त विश्वासाचे. भट्टीत बूड खचू नये म्हणून खाली मातीचे सुळके लावत, त्यांच्या त्या खुणा.

१८६८ च्या सत्तांतरानंतर सरंजामदारांचा आश्रय गेला आणि निर्यातीवाचून गत्यंतर उरलं नाही. १८७० मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वॅगनर आरितात आला. त्याने कारखान्यात बनलेला कोबाल्ट, म्हणजे निळा रंग, वापरायला शिकवलं. जुना निळा मंद, किंचित राखाडी दिसतो. हा नवा निळा भडक, जांभळटाकडे झुकलेला. १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात जपानी माल गाजला. १८७६ मध्ये मोरिमुरा बंधूंनी टोकियोत पेढी काढली, न्यूयॉर्कात दुकान थाटलं आणि १९०४ मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके गावी कारखाना उभा केला. कानाचे कप, बशी, दूधदाणी, साखरदाणी असा सोनेरी काठांचा परदेशी थाट याच निर्यातीतला.

मग कायदा आला. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं आणि १८९१ पासून कपांवर रोमन अक्षरांत ‘निप्पॉन’, म्हणजे जपानचं जपानी नाव, उमटू लागलं. १९२१ मध्ये अमेरिकेच्या जकात खात्याने हे नाव चालणार नाही म्हटलं. तिथून पुढे ‘जपान’. महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाच्या काळात, १९५२ पर्यंत, ‘ऑक्युपाइड जपान’ हाही शिक्का दिसतो.

या सालांमुळे काम सोपं होतं, तसे घोटाळेही होतात. शिक्का नाही म्हणजे कप १८९१ पूर्वीचा, असं विक्रेते हमखास सांगतात. पण जपानातच विकायच्या मालाला रोमन शिक्क्याची गरजच नव्हती. शिवाय ‘निप्पॉन’चे संग्राहक वाढल्यावर त्या शिक्क्याच्या नकलाही निघाल्या. सात्सुमा म्हणून मिळणारी साईरंगी, बारीक तडकलेल्या झिलईची भांडी तर पोर्सेलिनच नव्हेत. पातळ पोर्सेलिनचा कप उजेडाकडे धरला की मागच्या बोटाची सावली आतून दिसते. सात्सुमातून ती दिसत नाही.

किमतीचं म्हणाल तर नुसत्या वयाला फार भाव नाही. ‘निप्पॉन’ माल ढिगाने बनला, तेव्हा सुटा कप स्वस्तच असायला हवा. भिंगाखाली चित्रात छपाईचे एकसारखे ठिपके दिसले तर ते हाताने रंगवलेलं नाही. काठावरचं सोनं झिजलंय का, कानाच्या सांध्याशी केसासारखी चीर आहे का, हे बघावं. नखाने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर चीर कुठेतरी असण्याचा संभव मोठा. आणि किटलीसोबत बिनकानाचे पाचच कप असले, तर ‘एक फुटलाय’ म्हणून भाव पाडू नये: जपानी घरातला संच सहसा पाचाचाच असतो.