उपाशी स्टीलहेड, चोखंदळ कार्प

स्टीलहेड हा मासा समुद्रातून नदीत परततो तो जेवायला नव्हे. हे एकदा कळलं, की कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून त्याच्यासमोर गळावर बांधलेली पिसांची खोटी माशी तासन्‌तास नाचवणाऱ्या माणसाची जरा कीवच येते. पोट भरलेल्याला आग्रह करून आणखी एक पोळी वाढता येते. ज्याने उपासच धरलाय, त्याला काय वाढणार?

स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. जात एकच, पण एकाच आईची काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात, तर काही एक ते तीन वर्षांची झाली की पॅसिफिक महासागराची वाट धरतात. तिथे खाऊनपिऊन, अंगावर चंदेरी-पोलादी झळाळी चढवून ती जन्माच्या नदीत परत येतात. अमेरिकेच्या वायव्येकडच्या कोलंबिया नदीतून काही जण हजार किलोमीटरहून जास्त चढून थेट आयडाहोच्या डोंगरांत पोहोचतात. उन्हाळ्यात नदीत शिरलेला मासा अंडी घालतो ती पुढच्या वसंतात. मधले कित्येक महिने तो मुख्यतः साठवलेल्या चरबीवर काढतो आणि त्याचं आतडंही आक्रसत जातं.

मग तो माशीला तोंड का लावतो? याचं एकच एक उत्तर नाही. लहानपणी याच नदीत किडे टिपून तो वाढला, ती सवय मोडत नाही, असं काही जण म्हणतात. काहींच्या मते, आपल्या जागेत घुसलेल्या वस्तूचा त्याला राग येतो. मला तिसरं कारणही पटतं: माशाला हात नसतात. काही चाचपायचं झालं किंवा हाकलायचं झालं, तरी तोंडच पुढे करावं लागतं.

इथे फ्लाय फिशिंगची गंमत सांगायला हवी. विहिरीवर किंवा ओढ्यावर गांडूळ लावून गळ टाकणाऱ्यांना माहीत असतं, की दोरी लांब जाते ती शिशाच्या वजनामुळे. फ्लाय म्हणजे गळाला दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला बनावट किडा. त्याला वजन जवळपास नसतंच. म्हणून वजन दोरीतच घातलेलं असतं. दोरी जाड आणि जड, काठी लवचीक. फेकली जाते ती दोरी, माशी नुसती तिच्यामागून जाते. स्टीलहेडसाठी बारा-चौदा फुटांची, दोन्ही हातांनी धरायची काठी वापरतात. मागे झाडी असली तरी दोरी पाण्यावरूनच वळवून पुढे फेकायची, ही युक्ती स्कॉटलंडच्या स्पे नदीवरची आणि तिचं नावही स्पे कास्टिंगच. दोरी प्रवाहाला तिरकी पडते, पाणी तिला कमान करतं आणि माशी नदीच्या एका बाजूकडून दुसरीकडे झुलत येते. मग दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा तेच. मासा दिसत नाही. तो तिथे आहे की नाही, हेही कळत नाही. तिथले लोक याला ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात, ते उगाच नाही.

कार्पचं अगदी उलटं. तो समोर असतो, दिसतो आणि सतत खात असतो. उथळ पाण्यात पाच-सात किलोचं धूड डोकं खाली घालून गाळ उपसतं, गढूळ पाण्याचा ढग उठतो आणि शेपटीचं टोक पाण्याबाहेर हलतं. पाच-सात मीटरवर उभ्या माणसाला वाटतं, आता काय, हातातोंडाशी आलाच. पण पायाखालचा एक दगड सरकला, की ढग तिथेच राहतो आणि मासा गायब.

कारण कार्पचे कान. त्याच्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला वेबरचं नाव आहे. पिशवी ढोलासारखी थरथरते आणि हाडं तो थरथराट कानापर्यंत पोहोचवतात. ट्राउटच्या कुळातल्या माशांना काही शे हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, कार्पला सुमारे तीन हजारांपर्यंत. आपले रोहू, कटला, मृगळही याच कुळातले, तेव्हा ही साखळी त्यांच्याकडेही आहे. मत्स्यशेतीत ‘सायप्रिनस’ म्हणतात तो तर हाच मासा.

त्यातून मिशांवर आणि ओठांवर रुचिकलिका, टाळूला मांसल गादी. कार्प गाळासकट घास ओढतो, तोंडातल्या तोंडात निवडतो आणि नको ते थुंकतो, आपण तांदळातले खडे काढतो तसं. खोटी माशीही तो अशीच क्षणात थुंकतो. दोरीला हिसका बसेपर्यंत थांबलात, तर उशीर झालेला असतो. माशाच्या डोक्याची किंचित हालचाल आणि कल्ल्यांची उघडझाप पाहूनच काठी उचलावी लागते. शिवाय दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पिणारा हा गडी. डच संशोधक ब्यूकेमा यांनी तळ्यातल्या कार्पवर केलेले प्रयोग १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच गळाला लागलेले मासे नंतर सहजी फसत नव्हते.

हे दोन मासे कोलंबिया नदीत शेजारी कसे आले, ही गोष्ट मात्र माणसाची आहे. कार्प मूळचा तिथला नाहीच. १८७० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या मत्स्य आयोगाने तो जर्मनीतून मुद्दाम आणला, स्वस्त आणि चविष्ट खाणं म्हणून. पुढे लोकांनीच त्याला कचरा मासा ठरवलं. मग धरणं आली. १९३८ मध्ये बॉनेव्हिल झालं, त्याला मासे चढायला पायऱ्या होत्या. १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रँड कूलीला त्याही नव्हत्या, त्यामुळे वरची सगळी नदी स्टीलहेडला बंद झाली. आज आयडाहोला जाणाऱ्याला आठ धरणं ओलांडावी लागतात. धावतं पाणी अडलं, संथ झालं, तापलं. स्टीलहेडचं घर गेलं आणि कार्पला आयतं मिळालं.

ऑगस्टमध्ये कोलंबियाचं पाणी वीस अंशांच्या वर जातं. तेव्हा स्टीलहेड डेशूट्ससारख्या गार उपनद्यांच्या तोंडाशी दाटीवाटीने थांबतात. तिथे दमलेल्या माशांना आणखी ताण नको म्हणून ओरेगनमध्ये अशा काही जागी त्या दिवसांत मासेमारी बंद ठेवतात. मग लांब काठी गाडीतच राहते, नऊ फुटी बाहेर निघते आणि माणूस बूट न वाजवता धरणामागच्या कोमट, उथळ पाण्यात उतरतो. समोर गाळाचा ढग उठलेला असतो, त्यातून एक शेपटी वर आलेली.