ऑरियस ओळखण्यामागचा इतिहास

रोमन सोन्याचं नाणं म्हणजे ऑरियस. रोममध्ये सोन्याची नाणी आधीही अधूनमधून पाडली जात, पण ढिगाने पाडली ती ज्युलियस सीझरने, इ.स.पू. ४६ मध्ये. एका रोमन पौंडात ४० नाणी, म्हणजे एकेक जवळपास ८ ग्रॅमचं. पुढच्या सम्राटांनी चांदीच्या नाण्यात तांबं मिसळलं. सोन्याचा कस बराच काळ राखला, वजन मात्र मारलं. नीरोने इ.स. ६४ मध्ये पौंडात ४५ नाणी बसवली, कॅराकॅलाने २१५ मध्ये ५०, डायोक्लेशियनने ६०. कॉन्स्टंटाइनने थेट ७२ केली आणि त्या साडेचार ग्रॅमच्या नाण्याचं नाव पडलं सॉलिडस. म्हणून जाणकार आधी तराजू काढतो, भिंग नंतर.

भिंगाखाली खरी मजा कडेच्या अक्षरांत. जागा टीचभर, त्यामुळे सगळे किताब तोडून लिहिलेले. 'टीआर पी' दिसलं तर हसू येतं खरं, पण तो ट्रिब्यूनच्या, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधीच्या अधिकाराचा उल्लेख. हा अधिकार दरवर्षी नव्याने मोजत, त्यामुळे पुढे आकडा असेल तर वर्षच हाती लागतं. 'सीओएस' म्हणजे कॉन्सल, रोमचं एक मोठं पद; पुढचा आकडा ते कितव्यांदा मिळालं ते सांगतो. सम्राट ट्रेजनच्या नाण्यावर त्यापुढे ५ असेल तर ते १०३ ते १११ मधलं, ६ असेल तर ११२ नंतरचं. चेहऱ्यावर फार विसंबू नये. दाढीवाले सम्राट पुष्कळ झाले.

आपल्याकडे या नाण्यांना आणखी खुणा मिळाल्या. १८९८ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई भागात ५०१ ऑरियस एकत्र सापडले. त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव! नाणं म्हणून बाद, आता नुसतं सोनं, असा त्याचा अर्थ बहुधा असावा. मला विचाराल तर तो घाव चेहऱ्यापेक्षा बोलका आहे.

इकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ७०,००० कार्षापणांचे (चांदीच्या नाण्यांचे) २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी) असा हिशेब कोरलेला आहे, म्हणजे एका सुवर्णाला ३५. हे सुवर्ण रोमन की कुषाण, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण भडोच बंदरात रोमन सोनं-चांदी स्थानिक पैशांवर नफ्याने बदलून मिळे, असं पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी हा ग्रीक प्रवासवृत्तान्त सांगतो.

मागणी वाढली तशा इथे नकलाही झाल्या. पुतळ्यांच्या माळेसारखी ही नाणी गळ्यात घालत. अशा नकलेवर सम्राटाचं डोकं ठीकठाक जमलेलं असतं, पण कडेची अक्षरं नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं. आणि डोक्याच्या वर शेजारीशेजारी दोन भोकं, दोऱ्यात ओवलं की चेहरा सरळ राहावा म्हणून.