जुन्या आखूड शिकारी रायफलीची किंमत : नागपूरकडची पार्श्वभूमी

नागपुरात किंवा उमरेड, काटोल, रामटेककडच्या जुन्या घरात एखादी आखूड बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल निघाली, की घरातली तरुण मंडळी आधी परदेशी लिलावांत तिचे किती आले ते शोधतात. तो आकडा बघून डोळे पांढरे होतात. मग शस्त्रविक्रेता त्याचा आकडा सांगतो, आणि ते पुन्हा पांढरे होतात. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं. फक्त विक्रेत्याचा आकडा रायफलीपेक्षा परवाना, बोअर (नळीच्या भोकाचं माप) आणि काडतूस यांनी ठरलेला असतो, आणि ही घडी बसायला शंभराहून जास्त वर्षं लागली आहेत.

१८७८च्या शस्त्र कायद्यापासून बंदुकीला परवाना लागतो. किमतीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा ठरला बोअरचा नियम. लष्कराचं काडतूस खाजगी बंदुकीत चालू नये, असं इंग्रजांचं धोरण होतं. १९०७च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी आली ती त्याच भीतीने. .३०३ लष्कराची, म्हणून तीही सामान्य परवानाधारकापासून दूर राहिली. तिची जागा .३१५ने घेतली. हे मुळात ऑस्ट्रियाचं ८ मिमी काडतूस, पण इंग्लंडमधले कारखाने त्या बोअरच्या शिकारी रायफली बनवत. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने तोच बोअर पुढे चालवला. आजही खेड्यात ‘रायफल’ म्हटलं की बहुधा .३१५च डोळ्यांसमोर येते.

आखूड रायफलींची जातकुळी वेगळी. त्यांतली सर्वांत नावाजलेली म्हणजे मॅनलिकर-शोनावर या ऑस्ट्रियन घडणीची १९०३ सालची ६.५ मिमी कार्बाइन. नळी जेमतेम ४५ सेंटिमीटर, वजन तीन किलोच्या आसपास, दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेला आणि पोटात पाच काडतुसांचं फिरतं मॅगझिन. मचाणावर किंवा बांबूच्या बेटात लांब नळी अडते, ही अडत नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं आणि अशी वस्तू घेऊ शकणारे मालगुजार (गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार), वकील, अधिकारी इथे होते. जंगलाचे शूटिंग ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी आखलेले भाग, परवान्यावर ठरावीक मुदतीसाठी मिळत. ताडोब्यात शिकारबंदी १९३५लाच आली होती, पण बाकीचं जंगल खुलं होतं.

पुढचं सगळं भराभर घडलं. १९५१ साली मालगुजारी गेली, १९५६ साली राजधानी गेली. पाठोपाठ वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि त्यात उरलेली परवान्यावरच्या शिकारीची वाट १९९१च्या दुरुस्तीने बंद केली. तेव्हापासून शिकारी रायफलीला शिकार उरली नाही. मधल्या काळात, १९८०च्या दशकाच्या मध्यात, सामान्य माणसाला परदेशातून बंदूक आणणंही बंद झालं. त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या विलायती पिस्तुला-रिव्हॉल्व्हरांचे भाव आभाळाला टेकले. रायफलींच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही, कारण रिव्हॉल्व्हर कमरेला लावता येतं. ६.५ मिमीची कार्बाइन घेऊन माणूस करणार काय?

खरा वाद शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीचा आहे, आणि आजच्या किमती समजायच्या तर तोच नीट बघावा लागतो. १९५९च्या मूळ कायद्यात एका माणसाने किती बंदुका ठेवाव्यात याला मर्यादाच नव्हती. १९८३च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा घातली. २०१९च्या विधेयकात ती थेट एकवर आणायचं घाटत होतं. विरोध झाला, आणि डिसेंबरात कायदा आला तेव्हा आकडा दोन होता. तिसरी बंदूक एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि त्यानंतरच्या ९० दिवसांत ती परवान्यावरून उतरायची, अशी तरतूद झाली. वारशाने आलेल्या बंदुकीलाही सवलत नाही; आधीच्या बंदुका धरून मोजणी दोनवरच थांबते.

मर्यादेची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे: परवान्याच्या बंदुका वरातीत उडतात, चोरीला जातात, भांडणात बाहेर येतात. त्याच दुरुस्तीत लग्नासमारंभातल्या गोळीबारालाही शिक्षा घातली गेली. पण वरातीत उडते ती बारा बोअर (छर्ऱ्यांची बंदूक) नाहीतर रिव्हॉल्व्हर. आजोबांच्या कपाटातल्या, काडतूस न मिळणाऱ्या रायफलीने कुठली वरात गाजवल्याचं ऐकिवात नाही. मर्यादा घालताना चालती बंदूक आणि पडून असलेली वारशाची वस्तू यांत फरक करता आला असता. तो केला गेला नाही.

परिणाम अपेक्षित तोच झाला. घरात बारा बोअर, रिव्हॉल्व्हर आणि आखूड रायफल अशी तीन हत्यारं असतील तर कोणतं सोडायचं, यावर फार चर्चा होत नाही. बारा बोअर शेतावर लागते, रिव्हॉल्व्हरची किंमत मोठी. जाते ती रायफल. म्हणजे विकणारे एकदम वाढले. घेणारा मात्र परवाना असलेला, त्या परवान्यावर जागा रिकामी असलेला आणि तो बोअर नोंदवून घ्यायला तयार असलेलाच हवा. शिवाय विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आगाऊ लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं. एवढ्यात हौशी गिऱ्हाइकाची हौस विरते.

२०१६च्या शस्त्र नियमांनी वारसांसाठी एक दार उघडं ठेवलं आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं राहिली, की तो हयातीतच वारसाच्या नावावर ती करू शकतो. ज्या घरांनी हे वेळेत केलं त्यांची रायफल घरात राहिली. बाकीच्यांची मालखान्यात किंवा विक्रेत्याच्या कोठारात गेली, आणि तिथे पावसाळे काढलेल्या रायफलीचं काय होतं ते नळीतून बघितलं की कळतं.

बघायचं काय, तर आधी नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन उडाल्यावर क्षार मागे ठेवायचं. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली नसेल तर गंजाचे खड्डे पडतात आणि ते कशानेही निघत नाहीत. नळीचं तोंड झिजलं असेल तर गोळी भरकटते. बोल्टवरचा (काडतूस आत सारणाऱ्या खिटीवरचा) क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक एकच हवा. तोंडापर्यंतच्या दस्त्याची आणखी एक खोड: नागपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि लगेच येणारा पाऊस यांत लाकूड आक्रसतं, फुगतं, नळीला एका अंगाने रेटतं, आणि नेम सरकतो. वर दुर्बीण बसवण्यासाठी नवी छिद्रं पाडली असतील तर संग्राहकाच्या लेखी किंमत तिथेच उतरली.

आखूड रायफलीत याहून मोठी शंका असते ती लांबीची. ती कारखान्यातूनच आखूड आली, की नंतर कुणी कापली? परवानगीशिवाय नळी आखूड करणं १९५९च्या कायद्याच्या कलम ६ खाली गुन्हा आहे. त्यामुळे नेम धरायच्या पुढच्या निशाणीचा जोड, नळीच्या तोंडाची घडण, दस्त्याच्या टोकाची पोलादी टोपी हे सगळं मूळचं आहे का, ते किंमत बोलण्याआधी पाहिलं जातं. कापलेली निघाली तर बोलणं तिथेच थांबतं.

मागणी आहे ती वेगळ्याच मालाला. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं पिकं तुडवतात, ठरावीक अटींवर त्यांना मारायची परवानगी मिळण्याची सोय राज्यात आहे, आणि त्या कामाला देशात बनणारं काडतूस लागतं. .३१५चं बनतं, .३०-०६चं बनतं, ६.५ मिमीचं बनत नाही. म्हणून आटे झिजलेली इशापुरीही गिऱ्हाईक बघते, आणि आरशासारख्या नळीची कार्बाइन विक्रेत्याच्या कोठारात ठेवणावळ भरत राहते. वारस पुढच्या वेळी भाव विचारायला जातो तेव्हा ती ठेवणावळ वजा करूनच आकडा सांगितला जातो.