फरशीखालची हवा

पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हे जुन्या लोकांना सांगावं लागत नसे. आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. तो विझला तर वरच थांबायचं. धान्याच्या श्वसनानं आत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झालेला असे. पण दिव्याला कळणार नाही असंही काही जमिनीतून घरात येऊ शकतं.

कारखान्यांत धातूच्या भागांवरचं तेल काढायला ट्रायक्लोरोएथिलीन जगभर वापरलं गेलं. कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. सांडलं की ते जमिनीत मुरतं, पाण्याहून जड असल्यानं भूजलातही खोल उतरतं आणि वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांतून वर येत राहतं. पेट्रोलची वाफ मातीतले जिवाणू, प्राणवायू पुरेसा असेल तर, वाटेतच फस्त करतात. ट्रायक्लोरोएथिलीनच्या वाफेला असा कुणी भेटत नाही.

ही वाफ घरात ओढली जाते, ती दाबातल्या जेमतेम काही पास्कलच्या फरकानं. निफाडचा गारठा नाशकात पोचला की आपण खिडक्या लावून घेतो. आतली उबदार हवा वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला फरशीच्या भेगांतून मातीतली हवा वर येते. नाशिकच्या काळ्या मातीत तर आणखी गंमत. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगून घट्ट बसते. मग घराभोवतीची ओली जमीन झाकणासारखी बंद, आणि वाफेला मोकळी वाट उरते ती जोत्याखालच्या कोरड्या भरावातून. म्हणून एकदाच मोजून भागत नाही, वेगवेगळ्या ऋतूंत मोजावं लागतं.

मोजायचं कसं? फरशीला बारीक भोक पाडून खालच्या हवेचा नमुना निर्वात केलेल्या स्टीलच्या डब्यात घेतात. खोलीतल्या हवेसाठी तसाच दुसरा डबा २४ तास हळूहळू भरू देतात. त्याआधी थिनर, रंगाचे डबे, ड्रायक्लीनचे कपडे घराबाहेर. नाहीतर आपलंच कपाट मोजलं जायचं. अमेरिकेतल्या पर्यावरण संस्थेचा सावध अंदाज असा, की फरशीखालच्या वाफेचा ३ टक्क्यांपर्यंत भाग खोलीत येऊ शकतो. म्हणजे खाली घनमीटरला १००० मायक्रोग्रॅम असेल तर वर ३०. ट्रायक्लोरोएथिलीनच्या बाबतीत तिथले तज्ज्ञ २ च्या आसपासच सावध होतात.

उपाय मात्र प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनच्या आवाक्यातला आहे. फरशीतून तीन-चार इंची पाइप खाली सोडायचा, तो गच्चीच्या वर न्यायचा आणि मध्ये लहान पंखा बसवायचा. फरशीखालचा दाब खोलीपेक्षा कमी झाला की वाहण्याची दिशाच उलटते. न्यूयॉर्क राज्यातल्या एंडिकॉट गावात शेकडो घरांना असे पाइप बसवले गेले. नुसत्या भेगा बुजवणं पुरत नाही, आणि धूळ गाळणाऱ्या एअर प्युरिफायरला वाफ अडत नाही.

खाली मोकळं पार्किंग असलेल्या इमारतींचं बरं असतं, वारा वाफ परस्पर नेतो. तरी लिफ्टचा खड्डा मातीला टेकलेला असतोच. शिवाय ड्रेनेजच्या पाइपातूनही वाफ चढते. बंद फ्लॅटमधल्या न्हाणीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखाली साचून वाट अडवणारं, पाणी आटलं की तीही वाट उघडी. तिथे मात्र तांब्याभर पाणी ओतलं की झालं.