दगडाची माती करणारी मुळं

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीची कापलेली भिंत जवळून बघा. वर थोडीशी माती, तिच्याखाली पिवळट-तांबूस मुरूम आणि तळाशी काळा कातळ. मुरमात मध्येमध्ये गोल गोटे दिसतात. एखाद्याला नख लावलं की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. बाहेरचे तपकिरी, भुसभुशीत. आतला गाभा मात्र हातोडीलाही दाद देत नाही. भेगांतून शिरलेलं पाणी दगडाच्या कोपऱ्यांना दोन-तीन बाजूंनी भिडतं. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि गोलाई येते.

हा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. त्यातली सगळी खनिजं सारख्या वेगानं झिजत नाहीत. लाव्हा सर्वांत तप्त असताना जे आधी घट्ट झालं, ते ऑलिव्हिन इथल्या गार, ओल्या हवेत सर्वांत आधी विरघळतं. मागोमाग पायरोक्सिन आणि कॅल्शियमवालं फेल्डस्पार. त्यातून सुटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम झाडांच्या पोटात जातं, आणि लोह हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजतं. पापुद्र्यांचा तपकिरी रंग तो हाच.

पावसाचं पाणी मुळात अगदी किंचित आम्ल असतं. त्याला खरी धार येते ती जमिनीत. मुळं आणि जिवाणू सतत श्वास घेत असल्यानं मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी शंभरपटही असतो. तो पाण्यात मिसळून कार्बोनिक आम्ल बनतं. शिवाय मुळांना चिकटलेल्या बुरशीचे तंतू ऑक्झॅलिक, सायट्रिक अशी आम्लं पाझरवतात. ती दगडातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम पकडून बाहेर ओढतात. आपल्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याचे भाऊबंद उघड्या कातळावर हेच काम करतात, तेही जिथे मातीचा कणसुद्धा नाही तिथे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

उष्णतेनं या रासायनिक क्रिया वेग घेतात खऱ्या, पण पाणी नसेल तर ऊन काय करणार? एप्रिल-मेमध्ये टेकडी तापते तेव्हा खनिजं जवळजवळ जशीच्या तशी असतात. काम होतं ते जून ते ऑक्टोबर.

पाण्याची किमया पाहायची तर पश्चिमेला ताम्हिणी घाटात जावं. दगड तोच. पण पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर तिथे सहा हजारांच्या वर. एवढं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, हळूहळू सिलिकासुद्धा धुऊन नेतं. मागे राहतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम, आणि माती लाल होते. महाबळेश्वरचा जांभा हे त्याच वाटेचं शेवटचं टोक. उलट पूर्वेला, दौंड-बारामतीकडे, कॅल्शियमला वाहून जायला पाणीच पुरत नाही. ते चुनखडीचे पांढरे खडे होऊन काळ्या मातीत बसून राहतं.

उतारावर हिशेब वेगळा. पाणी मुरण्याआधीच पळतं, आणि झालेली मातीही सोबत नेतं. उन्हाळ्यातल्या वणव्यात पालापाचोळा जळाला की पहिल्याच वळवात हे घडतं. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, जायला एक दुपार पुरते.

मुळशीकडच्या एखाद्या देवराईत पाचोळ्याचा थर हातानं बाजूला सारला, तर खाली ओल्या मातीचा वास येतो आणि मुरमाच्या खड्यांना बिलगलेले पांढरे, दोऱ्याहून बारीक तंतू दिसतात. त्यातला एक खडा चिमटीत धरून दाबा. त्याचा चुरा होतो.