कार्ल लाखमान आणि जुन्या जर्मन पोथ्या: थोडी पार्श्वभूमी

महाभारताची चिकित्सक आवृत्ती म्हटलं की आपल्याला पुण्याची भांडारकर संस्था आणि डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर आठवतात. पण अनेक पोथ्या समोर ठेवून मूळ पाठापर्यंत कसं जायचं, ही पद्धत ज्या जर्मन विद्यापीठांत घडली त्यांची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे कार्ल लाखमान.

जन्म 1793 चा, ब्राउनश्वाइगमधला. शिक्षण लाइपझिग आणि ग्यॉटिंगेनला, तेही मुख्यतः लॅटिन-ग्रीकचं, कारण तेव्हा विद्वान म्हणजे लॅटिन-ग्रीकवालाच. जुन्या जर्मनला विद्यापीठात नीट जागाच नव्हती, बर्लिनला 1810 मध्ये फॉन डेर हागेन यांची नेमणूक झाली ती या विषयातली पहिलीच म्हणतात. पण ग्यॉटिंगेनमध्ये बेनेके नावाचे प्राध्यापक मध्ययुगीन जर्मन शिकवायचे आणि लाखमानला गोडी लागली ती तिथेच. त्यात काळ नेपोलियनच्या युद्धांचा, सगळीकडे आपलं जुनं काय आहे ते शोधायची लाट आलेली. 1815 मध्ये नेपोलियन परतला तेव्हा लाखमान स्वतः प्रशियाच्या सैन्यात स्वयंसेवक म्हणून गेला होता.

1816 मध्ये त्याचा निबेलुंगेनलीडवरचा निबंध आला. हे साधारण 1200 च्या सुमाराचं महाकाव्य, झीगफ्रीडचा खून आणि क्रीमहिल्डचा सूड. होमरची काव्यं सुट्या गीतांतून जोडली गेली असं जर्मन अभ्यासक वोल्फ यांनी 1795 मध्ये मांडलं होतं, तोच विचार लाखमानने इथे लावला आणि पुढे त्यातून वीस मूळ गीतं वेगळीही काढून दाखवली. हे आज कोणी मानत नाही. मुख्य तीन हस्तलिखितांना ए, बी, सी ही अक्षरं त्यानेच दिली आणि त्यातली ए सर्वात अस्सल ठरवली, तेही टिकलं नाही, त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत सी च्या बाजूने वाद पेटला आणि आज बहुतेक आवृत्त्या बी वर उभ्या आहेत. म्हणजे निष्कर्ष चुकले, पण हस्तलिखितं नुसती छापून न टाकता एकमेकांशी ताडून बघायची सवय या क्षेत्राला लागली ती त्याच्यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

नोकरी मात्र मिळाली पार पूर्वेला क्योनिग्सबर्गला, आधी शाळेत आणि 1818 पासून विद्यापीठात. पोथ्या सगळ्या दक्षिणेकडे, म्युनिक, सांक्ट गालेन वगैरे. शेवटी 1824 मध्ये रजा काढून तो त्या बघायला गेला आणि पुढच्या दहा वर्षांतलं काम बरंचसं त्या प्रवासावर उभं आहे. 1825 ला बर्लिन विद्यापीठात, मग एकामागून एक आवृत्त्या: 1826 मध्ये निबेलुंगेन, 1827 मध्ये वाल्टर फॉन डेर फोगेलवायडे या मध्ययुगीन कवीची गीतं आणि बेनेकेंसोबत इवाइन हे काव्य, 1833 मध्ये वोल्फ्राम फॉन एशेनबाख या कवीची काव्यं. मधेच 1831 ला बायबलचा ग्रीक नवा करार पण!

पद्धतीचं मर्म सोपं आहे. दोन पोथ्यांत एकच ओळ बरोबर असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, बरोबर ओळ कुठूनही येऊ शकते. पण दोघींत एकच विचित्र चूक असेल, तीच ओळ गळलेली असेल, तर दोघी बहुधा एकाच आईच्या लेकी. अशा चुकांवरून घराणी लावत मागे मागे जायचं. याला लाखमानची पद्धत म्हणतात, पण ती त्याने एकट्याने शोधली नाही, त्याच्या आधीचे आणि सोबतचे बरेच जण त्यात आहेत हे तिंपानारो या इटालियन अभ्यासकाने 1963 मध्ये दाखवून दिलं.

दुसरं एक काम आहे ज्यावर आजही मतभेद होतात. लेखनिक आपापल्या बोलीत लिहायचे, एकच शब्द पाच तऱ्हांनी. लाखमानने सगळ्यांचं स्पेलिंग एकसारखं केलं, दीर्घ स्वरांवर टोपीसारखं चिन्ह दिलं. वाचायला सोपं झालं हे खरंय पण अशी नीटनेटकी मध्य-उच्च-जर्मन (म्हणजे या काव्यांची मध्ययुगीन जर्मन) एकाही पोथीत सापडत नाही, आणि बोलींचा अभ्यास करणाऱ्याला तर ही आवृत्ती बाजूला ठेवून हस्तलिखितच उघडावं लागतं.

1851 मध्ये तो वारला तेव्हा परीकथांमुळे प्रसिद्ध असलेला भाषाभ्यासक याकोब ग्रिमने त्याच्यावरच्या भाषणात म्हटलं होतं की काही जण वस्तूंसाठी शब्दांचा अभ्यास करतात, काही शब्दांसाठी वस्तूंचा, आणि लाखमान दुसऱ्यातला. ग्रिम स्वतः पहिल्यातला, त्यामुळे यात आदरही आहे आणि अंतरही.

सुकथनकर बर्लिनलाच शिकले, संस्कृतचे अभ्यासक ल्यूडर्स यांच्याकडे. 1925 पासून महाभारताचं काम हातात घेतल्यावर त्यांना दिसलं की इथे पोथ्या एकमेकींतून इतकी देवघेव करतात की घराण्यांचा सरळ वृक्ष लागतच नाही, म्हणून त्यांनी पद्धत तशीच्या तशी न लावता बदलून घेतली, आणि 1933 च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ते का केलं हे सविस्तर लिहून ठेवलं. लाखमानला वोल्फ्रामच्या पार्झिवाल या काव्याच्या बाबतीतही हाच त्रास होता, पोथ्यांचे दोन मोठे गट, वृक्ष नीट लागेना, तेव्हा लाखमानने बहुतांशी सांक्ट गालेनच्या पोथीवर भर दिला. त्याने त्या काव्याचे तीस-तीस ओळींचे खंड पाडून क्रमांक दिले, आणि आजही पार्झिवालमधली ओळ सांगायची तर तेच क्रमांक देतात.