बुडालेल्या मच्छीमार बोटीवर डाइव्हला येण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बुडालेली बोट दिसली की सगळ्यांची नजर केबिनच्या काळोख्या दाराकडे जाते. आमची आधी जाळी शोधते. नायलॉनचं जाळं वर्षानुवर्षं कुजत नाही. विंचला (जाळं ओढायच्या यंत्राला), कठड्याला अडकून ते प्रवाहाबरोबर हलत राहतं. त्याचा बारीक दोरा गढूळ पाण्यात हातभर अंतरावरूनही दिसत नाही. तो सिलिंडरच्या व्हॉल्व्हला अडकला तर वळून बघू नका, वळलात की आणखी गुंडाळला जातो. जागीच थांबा, जोडीदाराला टॉर्चने खूण करा आणि त्याला कापू द्या. पायाला बांधलेला सुरा कित्येकदा स्वतःच जाळ्यात गुंततो, म्हणून आम्ही छातीवर लावायचा लाइन कटर देतो. जाड हातमोज्यांनिशी तो काढता येतो का, हे किनाऱ्यावरच करून बघा. खाली बोटं बधिर झालेली असतात.

पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने खेचतं. पाणी 10 अंशांच्या खाली असेल तर आम्ही ड्रायसूटशिवाय, म्हणजे आत पाणी न शिरणाऱ्या, हवा भरलेल्या पोशाखाशिवाय, कुणाला उतरवत नाही. ड्रायसूट पहिल्यांदाच घालणार असाल तर आधी उथळ पाण्यात सराव करा. सूटमधली हवा पायांकडे गेली की माणूस उलटा होऊन वर जाऊ लागतो.

दाबातून सुटणारी हवा फार गार होते. त्यामुळे रेग्युलेटरमध्ये (सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या उपकरणात) बर्फ धरतो आणि हवा धो धो सुटते. तपासणी झाली की पाण्यात शिरेपर्यंत त्यातून श्वास घेऊ नका, हवा मोकळी सोडणारं पर्जचं बटण दाबू नका. खाली असं झालंच तर जोडीदाराच्या राखीव रेग्युलेटरवर या आणि दोघं मिळून वर निघा. 20 मीटरवर हवा पृष्ठभागापेक्षा तिप्पट संपते. म्हणून सिलिंडरमधली एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली राखीव.

बोटीच्या आत आम्ही नेत नाही, कितीही आग्रह केलात तरी. पायातल्या फिनचा (पोहायच्या पंखाचा) एक फटका बसला की गाळ उठतो आणि आत आलेलं दारच दिसेनासं होतं. बघण्यासारखं बाहेरच भरपूर आहे. खोलीवर लाल रंग उरत नाही, सगळं करडं-हिरवं दिसतं; टॉर्च गंजलेल्या विंचवर धरा, मग त्यावरची समुद्रफुलं केशरी दिसतील. कुठलीही वस्तू उचलू नका.

वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको. 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. बाहेर आल्यावर कोरडे कपडे घाला, पण लगेच कढत पाण्याने अंघोळ करू नका. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि एकाहून जास्त केल्या तर 18 तास विमानप्रवास टाळा. परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा.